मोटार बिघडलेली नाही, पाणी खाली गेले आहे

महोदय,

चैत्र लागला की विहिरीवरची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेली) मोटार ‘पाणी ओढत नाही’ अशी ओरड सुरू होते. मग इंपेलर (पंपातले फिरते चाक) बदला, सील बदला, शेवटी तीन एचपीची (अश्वशक्तीची) काढून पाचची बसवा. विहिरीत पाणी मात्र दिसत असते.

ही तक्रार जवळजवळ चारशे वर्षे जुनी आहे. गॅलिलिओच्या 1638 सालच्या ग्रंथात असाच एक पंप आहे: पाणी वर असेपर्यंत चालायचा, खाली गेले की बंद. दुरुस्तीला बोलावलेला कारागीर सांगतो, दोष पंपात नाही, पाण्यात आहे. अठरा हातांपलीकडे ते चढणारच नाही. (तिकडचा हात आपल्यापेक्षा थोडा लांब.) कारागिराचे बरोबर होते, गॅलिलिओचे कारण चुकले. त्याला वाटले, पाण्याचा स्तंभ दोरासारखा स्वतःच्या वजनाने तुटतो. त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने पाण्याच्या 13.6 पट जड पारा घेतला. तो नळीत सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. गुणाकार करा: 10.3 मीटर, म्हणजे 34 फूट. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते पाइपात ढकलते, आणि तिचे बळ इतकेच.

जालना, बीडकडचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच, म्हणून इथे 32 फूटच धरा. पाइपातील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता हाती 20-22 फूट उरतात. जादा एचपीने हा आकडा वाढत नाही; उलट प्रवाह वाढून घर्षण वाढते. पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज आला तर आत दाब फार कमी झाल्याने पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटत आहेत, इंपेलरला खड्डे पडणार.

खर्चाआधी मोटार बंद ठेवून पंप पाण्याने भरा. पंपातली पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), म्हणजे गावातला ‘फुटबॉल’, किंवा सक्शनचा, म्हणजे पाणी पंपात आणणाऱ्या पाइपाचा, जॉइंट गळतो. फुटबॉल पाण्यात दीड-दोन फूट बुडालेला हवा, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. हे सगळे ठीक असूनही पाणी येत नसेल, तर दोरी सोडून पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. ते 22 फुटांच्या पुढे असेल तर मोटार विहिरीतल्या खालच्या कठड्यावर उतरवा, किंवा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारी मोटार) घ्या. ती खालून ढकलते, तिला ही मर्यादा नाही. कठड्यावरची मोटार मात्र मृगाच्या आधी वर काढावी लागते.

– एक वाचक, अंबड (जि. जालना)