बॅटरी घेण्याआधी हे वाच

प्रिय सुहास,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर तो राग हक्काचा आहे. इकडे तब्येती ठीक, आईचा गुडघाही बरा. पण काल नंदू म्हणाला, तू ट्युब्युलर, म्हणजे शिशाची जुनी बॅटरी, काढून लिथियम घेतोयस, २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, आणि इन्व्हर्टर मात्र तोच जुना २४ व्होल्टचा ठेवतोयस. ते ऐकल्यापासून चैन नाही.

एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची लिथियम, घेतोयस हे उत्तम. लिथियमचाच दुसरा प्रकार एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) तेवढ्याच साठ्याला हलकी आणि लहान असते, पण भिंतीला लावलेली बॅटरी आपल्याला कुठे पळवायची आहे? एलएफपी सहज भडकत नाही आणि रोज ८० टक्के वापरली तरी चार्ज-डिस्चार्जच्या ३००० ते ६००० फेऱ्या देते.

आता आपलं जुनं भांडण. तू अँपिअर-अवर मोजतोस, मी युनिटं. २५.६ गुणिले २०० म्हणजे ५१२० वॉट-तास, अर्थात ५.१२ युनिटं; ४८ व्होल्टच्या म्हणतात त्या बॅटरीचे ५१.२ गुणिले १०० म्हणजेही ५.१२. साठा सारखाच, पण तेवढाच लोड ओढायला २४ व्होल्टला प्रवाह दुप्पट लागतो आणि तुझा पंप तिथेच अडेल. १ एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चौपट-पाचपट. ५००० वॉट धर, इन्व्हर्टरमधली घट मिळवली की २४ व्होल्टला दोनशेच्या वर अँपिअर होतात. ट्युब्युलर ते देते. व्होल्टेज दबतो, दिवे मिणमिणतात, पण पंप उचलला जातो. लिथियममधला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, दबत नाही, थेट जोडणी तोडतो. म्हणून विकणाऱ्याला अँपिअर-अवर नंतर विचार. आधी बीएमएस सलग किती अँपिअर देतो आणि किती सेकंद किती जास्त देतो ते विचार. १०० अँपिअरचा असेल तर २४ व्होल्टवर तुझ्या हाती सलग जेमतेम २३०० वॉट येतात.

साठा पुरेल का हेही मोजून पाहिलं. चार पंखे २८०, दिवे ६०, राउटर १५, लॅपटॉप ६०, फ्रिज सरासरी ६०. झाले ४७५ वॉट. आठ तासांना ३.८ युनिटं, इन्व्हर्टरची घट धरून ४.२. रात्र निघेल, फार शिल्लक उरणार नाही. त्यात पंप नको, तो उन्हात चालव.

पण खरी काळजी चार्जिंगची आहे, आणि ती पंपापेक्षा मोठी आहे. जुना इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी घडवलेला. अधूनमधून इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जादा चार्ज, करताना तो ३० व्होल्टच्या वर जातो. तुझ्या बॅटरीत आठ सेल, एका सेलची कमाल ३.६५ व्होल्ट, म्हणजे सगळं मिळून २९.२. त्याच्या वर गेलं की बीएमएस बॅटरीची जोडणी तोडणार, आणि नेमकं तेव्हा सोलर पॅनल भरात असतील तर बॅटरीचा आधार सुटलेल्या चार्ज कंट्रोलरवर (पॅनलची वीज बॅटरीत भरणाऱ्या यंत्रावर) व्होल्टेज उसळतो. कंट्रोलर जळतात ते असे. इक्वलायझेशन बंद, तापमानानुसार भरपाई बंद, चार्ज २८.०, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज) २७.०. हे आकडे त्या इन्व्हर्टरवर हाताने बसवता येत नसतील तर तो या बॅटरीला लावू नकोस, सुहास. ‘चालतं हो, सगळे लावतात’ असं कुणी म्हटलं तरी नको.

खालचं टोकही बघ. शिशाच्या सेटिंगला इन्व्हर्टर २१ व्होल्टपर्यंत ओढतो. एलएफपी तिथे जवळजवळ रिकामी असते, बीएमएस आधीच झोपलेला असू शकतो. मग वीज आली तरी बॅटरीचा व्होल्टेज दिसत नाही म्हणून कित्येक इन्व्हर्टर चार्जिंग सुरूच करत नाहीत. कट-ऑफ, म्हणजे इन्व्हर्टरने ओढणं थांबवायचा व्होल्टेज, २४.० ठेव.

व्होल्टेज पाहून किती उरलं हे ओळखायची तुझी सवय सोड. ७० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत सेलचा व्होल्टेज काही शतांशच हलतो. शंट लावलेला, म्हणजे आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारा, मीटर घे, किंवा बीएमएस आणि इन्व्हर्टर एकमेकांशी कॅनवर (माहितीच्या केबलवर) बोलतात का ते बघ. केबलचं टोक बसलं म्हणजे बोलणं जुळलं असं नाही, पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच डीसीचा ब्रेकर किंवा क्लास-टी (झटपट तुटणारा मोठ्या प्रवाहाचा) फ्यूज हवा. घरातली एसीची एमसीबी चालणार नाही. एसीत प्रवाह सेकंदात शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसीत ती पेटती राहते. आणि वजन कर. ५ युनिटांच्या नुसत्या सेलचंच वजन ३० किलोच्या आसपास येतं. अख्खी पेटी २५ किलोची निघाली तर लिहिलंय तेवढं आत नाही, एवढं नक्की समज.

माझं मत मागशील तर इन्व्हर्टरही बदल आणि ४८ व्होल्टवर जा. खर्च एकदाच होईल, पंपही उचलला जाईल. वहिनींना ते गळी उतरव, तुझं ऐकतात त्या.

मनूचा निकाल लागला का? बापूंची तब्येत कशी आहे, तेही लिही. बाकी भेटल्यावर.

तुझा,
विनू

ता.क. जुनी ट्युब्युलर नव्या लिथियमला समांतर जोडायचा विचार नंदूच्या डोक्यात आहे, तो आजच मोड. दोघींचे व्होल्टेज जुळत नाहीत, लिथियमच शिशाला सतत पाजत बसेल. आणि इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठव, त्याशिवाय पैसे भरू नकोस.