मदरबोर्ड गेला हे सीपीयू न उघडताच कसं कळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर, रद्दी आणि फुटक्या बादल्यांच्या वर, तीन सीपीयू आडवे पडलेले दिसले (खरं तर सीपीयू म्हणजे आतली चिप, पण आपण सगळे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, मीही म्हणते) आणि त्यातला एक ओळखीचा वाटला, कारण त्याच्या बाजूला लहान मुलाने चिकटवलेले डायनासोरचे स्टिकर होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचा! फोन केला तर म्हणाल्या, "अहो दुकानवाला म्हणाला मदरबोर्ड गेलाय, साडेआठ हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या, मग म्हटलं घरात अडगळ कशाला, दोनशे रुपयाला देऊन टाकला." (मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य बोर्ड, ज्यावर बाकीचे सगळे पार्ट बसतात.) मी त्यांना विचारलं, भंगारवाल्याला अडीचशे दिले आणि डबा घरी घेऊन आले.

लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच, आणि आतून पीईईप, पीईईप असा लांबलचक आवाज थांबून थांबून. हा आवाज आला ना की मला उलट बरं वाटतं, कारण बोर्ड पूर्ण मेला असता तर ओरडला कोण असता? प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते पण असा लांब बीप परत परत वाजत राहिला तर बहुतेक वेळा रॅम (मशीनच्या चालू कामापुरत्या मेमरीची पट्टी) लागत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. नवीन बोर्डांवर कधी कधी बीप नसतो, त्याऐवजी बारीक दिवे असतात, ज्याच्या नावापुढचा दिवा पेटून राहिला तिथे गडबड.

मग नेहमीचं केलं. मागची वायर काढली, वायर काढलेली असतानाच चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, मागचे दोन स्क्रू काढून झाकण सरकवलं, पत्र्याला हात लावला (अंगातली स्टॅटिक जाते, नायलॉनची साडी किंवा गाऊन घालून हे करू नका), आणि रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून पट्टी वर काढली. खालची सोनेरी पट्टी काळपट पडली होती. आपल्या नवी मुंबईत खाडीचा दमट खारा वारा, त्यात पावसाळ्याचे चार महिने, काळी नाही पडणार तर काय. मुलाच्या कंपासमधला पांढरा मऊ खोडरबर घेतला, हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी घासला, कण ब्रशने झटकले, बोट सोनेरी भागाला लावलं नाही. जाणकार म्हणतात आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ते बरोबरच आहे, पण रात्री दहा वाजता घरात असतो तो खोडरबर. खाच बघून पट्टी परत बसवली, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबली. आवाज एकाच बाजूला आला तर बसलेली नाही समजा, निम्मी दुखणी तिथेच असतात.

बटण दाबलं, एक छोटा बीप, विंडोज चालू. साडेआठ हजाराचं दुखणं खोडरबरने गेलं.

आता पुढचं ऐका. आत सगळीकडे धुळीचा राखाडी थर, पण रॅमचा दुसरा स्लॉट एकदम स्वच्छ आणि त्याच्या क्लिपा उघड्या. वहिनींनी जुनं बिल शोधलं, त्यावर चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. आत एकच. मी कोणावर आरोप करत नाही, दुकानाचं नावही लिहीत नाही, पण तिथे धूळ का नव्हती हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी काही इंजिनिअर नाही. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या पाच-सहा छोट्या व्यापाऱ्यांचे हिशोब घरून बघते, टॅली, जीएसटीचे रिटर्न वगैरे. २०१७ ला जीएसटी आला त्या वर्षी डेस्कटॉप घेतला, तोच अजून चालवते. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा एक वर्षाच्या जादा अपडेटला नाव नोंदवलं आणि गप्प बसले. पण तेव्हापासून दुकानदारांना आयतं कारण मिळालंय, काहीही बिघडलं की "आता हे जुनं झालं ताई". विंडोज जुनं होणं वेगळं आणि मशीन मरणं वेगळं, हे कोणीतरी छापायला हवं म्हणून हे पत्र.

माझी स्वतःची फजिती सांगते. एका २० तारखेला, म्हणजे थ्रीबी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, सकाळपासून पोर्टल उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल मेसेज. नेटवाल्याला फोन, मोडेम बंद-चालू, व्हायरस असेल म्हणून अर्धा दिवस स्कॅन. शेवटी मुलाने उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं, तारीख होती २०१६ ची! वेबसाइटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, मशीन स्वतःला २०१६ मध्ये समजतंय म्हटल्यावर त्याला ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही असं वाटणार. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची, प्लग काढला तरी घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. सात-आठ वर्षांत ती बसली की तारीख मागे जाते, चालू करताना एफ वन दाबा म्हणून मशीन अडून बसतं. घड्याळाच्या दुकानात चाळीस रुपयाला मिळाली. बदलायच्या आधी बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण बॅटरी निघाली की तिथली सेटिंग मूळपदावर जातात आणि मग कधी कधी हार्ड डिस्कच दिसत नाही म्हणून नवीन घोळ. ह्याच आजारासाठी आमच्या एका क्लायंटने विंडोज दोनदा टाकून घेतलं, दोन्ही वेळा पैसे मोजून.

बाकीची दुखणी पटापट. स्क्रीनवर नो सिग्नल आलं तर आधी मागे बघा, ग्राफिक कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं) वेगळं असेल तर मॉनिटरची वायर त्याच्याच सॉकेटला हवी, सफाई करताना बायका-पोरं (आणि नवरे) ती हमखास बोर्डच्या सॉकेटला खोचतात. काहीच हललं नाही, पंखाही नाही, तर आधी भिंतीच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा, मग एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) मागचं छोटं बटण. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल खटका असतो, तो चुकूनही ११५ वर नेऊ नका, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात, फाट् करून धूर निघेल. मशीन दुपारी तासाभराने आपोआप बंद पडत असेल आणि सकाळी ठीक चालत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा बघा, वायर काढून पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्रश किंवा ब्लोअरने धूळ काढा, मोकळं सोडून हवा मारली तर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. यूपीएस लाईट गेल्या गेल्या मान टाकत असेल तर बहुतेक वेळा आतली १२ व्होल्टची बॅटरी संपलेली असते, दोन-तीन वर्षंच तिचं आयुष्य, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते.

आणि दोन ठिकाणी हात लावायचा नाही. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो आणि तो खोडरबरचा खेळ नाही. दुसरं, हार्ड डिस्कमधून टक टक टक असा आवाज यायला लागला तर मशीन लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी डेटा वाचवता येण्याची शक्यता कमी होते. तिथे जाणकार माणूसच लागतो आणि तो घेईल ते पैसे योग्य.

म्हणजे दुकानवाले सगळे चोर असं माझं म्हणणं नाही. मदरबोर्ड खरंच जातातही, कपॅसिटरची डोकी फुगलेली मी डोळ्यांनी बघितलीत. ऐरोलीचा एक मुलगा येतो, तीनशे रुपये व्हिजिट घेतो, समोर बसून उघडतो, काय बिघडलं ते दाखवतो, त्याला मी चहा पण देते. माझी तक्रार न उघडता निदान करणाऱ्यांबद्दल आहे. तुमच्या पेपरमार्फत एवढंच मांडावंसं वाटतं की दुरुस्तीला मशीन घेताना आत काय काय आहे, रॅम किती, हार्ड डिस्कचा सीरियल नंबर कोणता, हे पावतीवर लिहून द्यायची पद्धत दुकानांनी पाडावी आणि बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यावा, गॅरेजवाला जुना क्लचप्लेट दाखवतो तसा. तोवर आपणच घरून निघण्याआधी झाकण काढून आतला एक फोटो काढून ठेवायचा.

वहिनींना मशीन परत दिलं, अडीचशे त्यांनी हट्टाने दिलेच. चालू झाल्यावर डेस्कटॉपवर पहिलं काय दिसलं माहितेय? दोघांची आधार कार्डं, पॅन, बँकेच्या पासबुकाचे स्कॅन आणि मुलाच्या बारशाचे फोटो. हे सगळं दोनशे रुपयाला हातगाडीवर चाललं होतं. त्या गाडीवरचे बाकीचे दोन डबे कोणाचे होते ते मला कळलं नाही.

आपली नियमित वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई