मावशी, ती वही मी उशाजवळून हलवली

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितेय म्हणून रागावू नका. तुम्हाला आता बारीक अक्षर लागत नाही, म्हणजे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणारच. मग आणखी चार जणांच्या कानांवर गेलं तर काय बिघडलं? शिवाय समोर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच चहाचं आधण ठेवायला उठता.

सासूबाईंची, म्हणजे आईंची, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा नगरच्या आमच्या दोन खोल्यांत एक खोली त्यांच्या पलंगानेच भरली. मी पतपेढीत हिशेब बघणारी बाई. घरीही वही घातली. डायपर, औषधं, रात्रीच्या बाईचा पगार, माझ्या बिनपगारी रजा, सगळं तारीखवार. कधीतरी धाकट्या भावजींपुढे ती आपटायची होती मला. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "हे जग दोन दिवसांचं गं, तुझं बक्षीस वर आहे." माणसं चांगली, पण ऐकून ऐकून मला स्वर्गाचाच राग यायला लागला होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं ते वचन मला पाठ होतं: दिसतं ते क्षणिक, दिसत नाही ते सार्वकालिक. शब्बाथशाळेत न अडखळता म्हटलं म्हणून कंपासपेटीही मिळाली होती. अर्थ मात्र एवढाच धरला होता की नजर वर लावायची आणि खालचं कसंबसं उरकायचं.

मग एका गुरुवारी तुम्ही आलात. प्रार्थना नंतर, आधी पांघरूण काढून टाचा बघितल्यात. लाल चट्ट्यावर बोट दाबलंत, उचललंत, आणि मला म्हणालात, "बघ, लाली जात नाही. ही जखमेची सुरुवात. चोळू नकोस." पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवलीत. दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आखून फ्रिजवर चिकटवलात. नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला हे काही विशेष नसेल. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं होतं.

वही तिथेच होती, आईंच्या उशाजवळ. तुम्ही ती चाळलीत. मला वाटलं, आता क्षमेवर प्रवचन येणार. तुम्ही म्हणालात, "भावजींकडे पैसे माग. हक्काचे आहेत. पण ही वही इथे ठेवू नकोस. तिला बोलता येत नाही, वाचता येतं."

मावशी, चार महिने ती वही तिथे होती. डाव्या हाताने उघडता येईल अशी.

त्या रात्री मी ती माळ्यावर टाकली. पैसेही मागितले, निम्मे मिळाले. ते असो.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आईंची नखं कापत होतात आणि मी घाई करत होते, भांडी पडली होती म्हणून. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भांडी राहणार नाहीत. ही राहणार आहे." सहाच शब्द. सार्वकालिक म्हणजे ढगांपलीकडचं काहीतरी, असं धरून चाललेल्या मला ते समोर पलंगावर, लाळ गळणाऱ्या तोंडाने माझ्याकडे बघताना दिसलं. दोन दिवसांचं जग म्हणून जे मी उरकत होते, त्यातलीच ही बाई न संपणारी होती.

तुमचं हे वळण दौंडजवळच्या केडगावहून आलेलं आहे, हे मला उशिरा कळलं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये लहानपणी म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेलं तुम्ही सांगायचात: रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करत होत्या, आणि छापखान्यात मुली छपाईचे खिळे जुळवत होत्या. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, पोटची एकुलती एक मुलगी. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या, आणि पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. तुम्हाला मात्र या सगळ्यात खिळ्यांचंच कौतुक. "अक्षर उलटं असतं गं खिळ्यावर. जुळवताना देवाचं वचन वाटतच नाही, नुसतं शिसं आणि काळी बोटं." रात्री दोनला आईंची कूस बदलताना मला हे किती वेळा आठवलं असेल.

मी काही संत झाले नाही. एकदा त्यांच्यावर ओरडले, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तेही तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, रात्रीच्या बाईला आठवड्यात आणखी एक रात्र वाढवता येईल का?

आई पहाटे गेल्या, तक्त्यावरच्या चारच्या खुणेनंतर. पाठीला एक जखम नव्हती. कबरीच्या दगडाचं ठरवायला तुम्ही बरोबर आलात आणि गवंड्याला म्हणालात, "दोन घेतले तर कमी लावशील का? माझाही करून ठेव, नाव घाल, जन्मसाल घाल, पुढचं कोरं सोड." तो बिचारा गोंधळला. तुम्ही तीनशे रुपये कमी करून घेतलेत आणि वर त्याला ऱ्हस्व-दीर्घही तपासायला लावलंत.

वॉटरबेड धुऊन, वाळवून, पावडर लावून गुंडाळून ठेवला आहे. तुमच्या माहितीत कोणाला लागला तर निरोप द्या. मी स्वतः घेऊन येईन, गुरुवारी मला साडेपाचला सुटी होते. तक्ताही आखून आणते.

प्रभूमध्ये तुमची,
शेजारच्या गल्लीतली सून