रॅट ट्रॅपची भिंत शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

कमी खर्चाच्या घरांसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांचे काम साताऱ्याच्या गवंड्यांपुढे तुम्ही ज्या पद्धतीने मांडले, त्याबद्दल आम्हा सर्वांतर्फे मनापासून आभार. फोटो दाखवणारे पुष्कळ असतात. तुम्ही सांगलीहून विटा, फळी आणि ओळंबा घेऊन आलात.

बेकरांच्या शिक्षणापासून सुरुवात केलीत, हे फार बरे झाले. १९१७ चा जन्म, बर्मिंगहॅमला वास्तुकलेची पदवी, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या कामासाठी भारतात. इथल्या माती, दगड, शेणापुढे ती पदवी अपुरी पडली, तेव्हा हिमालयातल्या पिथोरागडला स्थानिक कारागिरांचे बघून ते नव्याने शिकले. थापी धरणाऱ्याला हे ऐकून मोठा धीर येतो. तिरुवनंतपुरमची कामे, १९९० ची पद्मश्री हे थोडक्यात सांगून तुम्ही थेट रॅट ट्रॅपच्या, म्हणजे आतून पोकळ ठेवलेल्या विटांच्या, भिंतीवर आलात.

९ × ४.५ × ३ इंचांची वीट कडेवर उभी करायची. दोन बाजूंना दोन विटा, मध्ये ३ इंच पोकळी, आणि मग दोन्ही बाजू जोडणारी एक आडवी वीट. भिंत ९ इंचीच राहते, विटा साधारण चौथा हिस्सा वाचतात, पोकळीमुळे ऊनही कमी आत येते. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा, लिंटेलखालचा (दारे-खिडक्यांवरच्या तुळईखालचा) आणि शेवटचा थर मात्र भरीव. चौकटीच्या बाजूही भरीव.

काम बिघडते ते मालामुळे, म्हणजे विटा जोडायच्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणामुळे. माल पोकळीत पडत राहिला की ती बुजते, ओल आत पोचते आणि वाचवलेले सिमेंट तिथेच जाते. पोकळीवर ३ इंची फळी ठेवून दोन्ही कडांवर माल पसरायचा, फळी उचलायची, मगच वीट बसवायची: हे तुम्ही प्रत्येकाच्या हातून करून घेतलेत. भट्टीच्या विटा कमीजास्त असतात, म्हणून त्या आधी निवडायच्या आणि सफाई बाहेरच्या अंगाला धरायची. विजेचे पाइप कुठून जाणार हेही आधीच ठरवायचे, कारण नंतर भिंत खोदून चालत नाही.

सर्वांत मोलाचे म्हणजे तुम्ही केरळची भिंत जशीच्या तशी इथे उचलू दिली नाहीत. १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला. कोपऱ्यांत आणि दारे-खिडक्यांच्या बाजूंना त्याच पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट भरायचे, जोत्याला आणि लिंटेलला सलग पट्टा द्यायचा, हा तुमचा आग्रह होता.

फिलर स्लॅबचेही, म्हणजे खालच्या बाजूच्या काही काँक्रीटऐवजी कौले घालून केलेल्या छताचेही, तसेच. खालच्या बाजूचा ताण सळई घेते, काँक्रीट नाही. म्हणून तिथे मंगळुरी कौले बसतात. ती आधी भिजवायची, नाहीतर काँक्रीटचे पाणी ओढतात. पुढे काढलेल्या गॅलरीला हे चालत नाही, कारण तिथे ताण वरच्या अंगाला येतो.

कोपऱ्याच्या सळईचे तुम्ही काढून दिलेले चित्र कामावर रोज लागते. खिडकीच्या बाजूच्या सळईचेही तसेच एक काढून दिलेत तर फार उपकार होतील.

आपले नम्र,
गवंडी व बांधकाम कारागीर, सातारा