आवक-जावकच्या टेबलावरच्या भावाला, जाहीर आभार

प्रिय भावा,

तोंडावर आभार मानले की तू "काय अक्का, लई झालं" म्हणत चहाचे कप उचलून पसार होतोस. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुझं नाव घालत नाही, बँकेचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

ज्यांना आपण दोघं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी जन्मापासून पूर्ण अंध. कोल्हापुरातल्या एका बँकेच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि नोकरीची बरीचशी वर्षं बोर्डावर गेली. आवाजावरून माणूस ओळखणं हेच माझं काम. "साहेब आहेत का?" एवढं ऐकलं तरी कळायचं, याचा हप्ता थकलाय की हा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला येणार आहे. मग बोर्ड गप्प होत गेला. सूचना, रजा, चौकशा, वाढदिवस, मयती सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेलं आणि ज्या आवाजांवर माझं पोट होतं त्यांच्या जागी चित्रं आली, इमोजी म्हणतात ती.

लोकांना वाटतं, न दिसणाऱ्याला ही चित्रं पोचतच नसतील. चांगली पोचतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू असलं की फोनमधली बाई प्रत्येक चित्राचं नाव मोठ्याने वाचते. ही नावं तिच्या मनाची नसतात. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची संस्था आहे, ती या चित्रांनाही क्रमांक देते, नाव देते आणि त्या नावांची मराठी यादीसुद्धा आहे. तेव्हा नावं मला सगळी कळत होती. पाठवणाऱ्याला काय म्हणायचंय ते मात्र कळत नव्हतं.

कर्ज विभागातल्या मॅडमच्या सासूबाई गेल्या तो दिवस तुला आठवत असेल. ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रांग लागली आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी माझा फोन सांगत होता, दुःखी पण सुटका झालेला चेहरा. पुन्हा, दुःखी पण सुटका झालेला चेहरा. मी तुला हाक मारून विचारलं, अरे, सासू-सुनेचं पटत नव्हतं हे मान्य, पण म्हणून हे असं लेखी द्यायचं? तू फोन हातात घेतलास. "अक्का, सगळी रडालेत की! डोळ्यापाशी थेंब हाय." आणि मग गप्प झालास, कारण माझा फोन काय वाचतोय ते तूही पहिल्यांदाच ऐकत होतास.

दुसरा कुणी असता तर हसून जागेवर गेला असता. तू दुपारच्या सुट्टीत बसून शोध लावलास. त्या चेहऱ्याचं अधिकृत नावच तसं आहे. तो थेंब अश्रूचा नाहीच, घामाचा आहे. संकट टळल्यावर कपाळावर येतो तो. ही चित्रं मुळात जपानी फोनवरची, आणि जपानी चित्रकथांमध्ये घाम, वाफ, फुगा यांचे अर्थ ठरलेले असतात. नाकातून फुगा निघालेला चेहरा तिथे गाढ झोपलेला असतो. आपले लोक तो फुगा म्हणजे आसू समजून कुणी आजारी पडलं की पाठवतात. नाकातून वाफ सोडणारा चेहरा मूळ नावाप्रमाणे विजयाच्या तोऱ्यात आहे, आपल्याकडे तो रागावून बसलेला असतो. थोडक्यात, अख्ख्या ऑफिसात मूळ अर्थ एकट्या मला ऐकू येत होता आणि चालू अर्थ माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होता.

त्यानंतर तू पुठ्ठे आणलेस. नव्या शर्टांच्या खोक्यात येतात ते, गुळगुळीत. त्यावर फेविकॉलच्या नळीने चेहरे काढायचे आणि रात्रभर वाळवायचे, ही युक्ती तुला कुणी शिकवली नव्हती. वाळलेल्या फेविकॉलची रेघ बोटाला नीट लागते, कडेला थोडी खरखरीत, मध्ये गुळगुळीत. डोळे म्हणजे दोन टपोरे थेंब. तोंडाची कमान. आणि त्या झोपाळू चेहऱ्याच्या नाकाला लागून खरंच एक गोल फुगा, आतून पोकळ. तो हाताला लागला तेव्हा मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढी हसले. कॅशिअर काउंटर सोडून बघायला आले.

कोलन, डॅश आणि कंस, म्हणजे :-) ही हसण्याची खूण, हेही कोडं पुठ्ठ्यामुळेच सुटलं. जुन्या धाटणीची माणसं अजून तसं टाइप करतात आणि फोन ती विरामचिन्हं एकेक करून वाचतो, पुढे काय ते सांगत नाही. स्कॉट फाहलमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर ही खूण सुचवली. फलकावर कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली आणि काहींना तो खराच इशारा वाटला. तेव्हा थट्टेच्या मजकुरापुढे ही खूण घालावी, असं त्याचं म्हणणं. वाचताना मान तिरकी करा, असंही त्याने लिहिलं होतं. माझ्या मानेचा काय उपयोग? तू कोलन-डॅश-कंस पुठ्ठ्यावर काढलेस, माझी बोटं त्यावर ठेवलीस आणि पुठ्ठा पाव वळसा फिरवलास. दोन डोळे वर गेले, नाक मध्ये आलं, कंसाचं हसू खाली आलं. इतकं सोपं होतं ते.

मग या चित्रांचा इतिहास शोधायची मलाच चटक लागली. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ चित्रं केली, प्रत्येक १२ गुणिले १२ चौकोनांत बसवलेलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती २०१६ मध्ये आपल्या संग्रहात घेतली. हे मी तुला वाचून दाखवलं आणि म्हटलं, बघ, एका बदामाला १४४ चौकोन लागतात यांना, आम्ही ब्रेलच्या सहा टिंबांत अख्खी बाराखडी लिहितो. तू म्हणालास, "अक्का, भाव खाऊ नका."

संक्षेपांच्या बाबतीत मात्र मी तुला शिकवलं, हे कबूल कर. इंग्रजी ब्रेलमध्ये शब्द आखडून लिहायची पद्धत फार जुनी आहे. टी-एम म्हणजे टुमॉरो, टी-डी टुडे, जी-डी गुड, एफ-आर फ्रेंड. हे सगळं आम्ही अंधशाळेत पाठ केलं तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. घोळ निराळाच झाला. ब्रेलमध्ये एकटा वाय म्हणजे इंग्रजी यू, तुम्ही, आणि एकटा यू म्हणजे इंग्रजी अस, आम्हाला. चॅटमध्ये यू झाला 'तुम्ही' आणि वाय झाला 'का', इंग्रजी व्हाय! एकटा के आम्हाला नॉलेज, आणि तुमच्या पिढीत कुणी नुसता के पाठवला तर समजायचं की माणूस फुगलाय. हा शेवटचा नियम तू सांगितलास तेव्हा मला भाचीच्या कितीतरी उत्तरांचा उलगडा झाला.

रोमन लिपीत, स्वर गाळून लिहिलेल्या मराठीवर मात्र तुझ्याकडेही औषध नव्हतं. 'जेवलीस का' हे जे-व्ही-एल-एस असं काहीतरी करून आलं की फोनमधली इंग्रजी बाई त्याचं जे करते ते ऐकवत नाही. ही सवय एसएमएसच्या जमान्यातली. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, देवनागरी वापरली की ७०, त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जायची. तेव्हा पैसे वाचवायला लोक आखडून लिहीत. आता कशाला लिहितात, देव जाणे.

त्यापेक्षा मराठी आंतरजालावरचे संक्षेप फोन कसे छान वाचतो! मायबोलीसारखी संकेतस्थळं १९९६ पासून आहेत, तिथल्या मंडळींनी आपापली परिभाषा केली. हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट, हेमावैम म्हणजे हे माझे वैयक्तिक मत, भापो म्हणजे भावना पोचल्या. रच्याकने तुलाही माहीत नव्हतं, कुणाकुणाला विचारून तू दुसऱ्या दिवशी उत्तर आणलंस: रस्त्याच्या कडेने, म्हणजे इंग्रजी बाय द वे. आणि थट्टा मनावर घेऊ नका या अर्थी लोक 'दिवे घ्या' लिहितात, लाइटली घ्या या हिशेबाने. मला कुणी तसं लिहिलं की मी हमखास कळवते, मला दिवे काय कामाचे, दुसरं काहीतरी द्या.

पण तुझे आभार मानायचं खरं कारण पुढेच आहे. अर्थ सांगताना तू नेहमी आधी विचारायचास, "पाठवलंय कुणी?" मला सुरुवातीला याचा वैताग यायचा. चित्र एकच ना, मग माणसाची चौकशी कशाला? मग लक्षात आलं की बोर्डावर मीही हेच करत होते. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कनी हात जोडले तर नमस्कार; वसुलीवाल्या साहेबांनी जोडले तर 'आता पुरे'. भाची कवटी पाठवते ती हसून मेले म्हणून. ढसाढसा रडणारा चेहराही तिच्याकडे हसण्याचाच. आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला तोच, तिच्या मते फक्त काका-मावश्या वापरतात. हे कुठल्या यादीत सापडणार? तू एकेका माणसाचं वळण सांगत गेलास आणि ग्रुपमधली माणसं मला पुन्हा आवाजासकट ऐकू यायला लागली.

वांग्याचं चित्र विसरले नाही मी. भाजी आणायची होती, मी शोधून ते पाठवायला निघाले तर तू घाईघाईने म्हणालास, "अक्का, वांगं अक्षरातच लिहा." का, ते सांगायच्या आधी चहा आणायला गेलास तो अर्धा तास आला नाहीस. मग मीच वाचलं की इन्स्टाग्रामने २०१५ मध्ये त्या चित्राचा शोधच बंद केला होता. भरली वांगी एवढी बदनाम होतील असं आमच्या आईला सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

अंगठ्याबद्दल मात्र तू फार हलक्यात बोलायचास, "ते काय, बघितलं म्हणून दाबायचं." अरे, कॅनडात २०२३ साली एका न्यायालयाने ठरवलं की जवस खरेदीच्या कराराच्या फोटोखाली शेतकऱ्याने पाठवलेला अंगठा ही त्याची संमतीच होती. माल न दिल्याबद्दल त्याच्यावर ८२ हजार डॉलरच्या वर भरपाई बसली. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे तिथल्या खुणांवरून दिसतंय, म्हणून ती बजावली असं मानलं. तेव्हा बँकेतल्या माणसाने तरी अंगठा जपून वापरावा. हेमावैम.

तू ग्रुपवर केलेली विनंती मला नंतर दुसऱ्यांकडून कळली. "अक्कांना प्रत्येक फूल ऐकावं लागतंय, शब्दाशब्दामध्ये चित्रं घालू नका, असतील ती शेवटी घाला, आणि नुसता शुभ सकाळचा फोटो टाकला तर त्यांना फक्त 'प्रतिमा' ऐकू येतं, खाली दोन शब्द लिहा." एवढंच लिहिलं होतंस. पाडव्याला पूर्वी मला शुभेच्छेच्या आधी तोरणं, फुलं, लाडू, पुन्हा फुलं असं सगळं संपेपर्यंत थांबावं लागायचं. आता साहेबसुद्धा फुलं शेवटी ठेवतात. कंत्राटी पोराने साहेबांना अशी सूचना करणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे.

आणि पांढरी काठी घेतलेली बाई! ॲपलने २०१८ मध्ये प्रस्ताव दिला आणि २०१९ मध्ये ती यादीत आली, पणती, साडी आणि रिक्षा आल्या त्याच वर्षी. तूच शोधून पाठवलीस, खाली लिहिलंस, "अक्का, तुमचं चित्र आलंय. साडी मात्र वेगळी घ्यावी लागेल." माझ्या नावापुढे आता तीच आहे, साडीसकट.

तुला पुण्यात कायमची नोकरी लागली याचा आनंद आहेच. पुठ्ठे माझ्या कपाटात आहेत. परवा आमच्या जुन्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत बसल्या. त्यांना मुलांसाठी असे पुठ्ठे करून हवेत आणि फेविकॉलची रेघ किती जाड धरायची, वाळायला किती वेळ द्यायचा, हे तुझ्याकडूनच समजून घ्यायचंय. त्यांना तुझा नंबर देऊ का? हो की नाही ते अक्षरांत कळव, नुसता अंगठा पाठवू नकोस.

अनेक आशीर्वाद,
तुझी अक्का