शरणपूरच्या ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

नाशिकच्या शरणपूर भागातल्या बायबल अभ्यासगटाची आम्ही मंडळी हे पत्र मुद्दाम उघडपणे लिहीत आहोत, कारण तुम्ही शिकवलंत ते आमच्यापुरतं ठेवण्यासारखं नाही. सत्याचा आग्रह धरणारे पुष्कळ असतात, प्रेमळ माणसंही असतात. पण चूक दाखवायची वेळ आली की पहिले तुटेपर्यंत ताणतात आणि दुसरे विषयच काढत नाहीत. तुम्ही आम्हाला तिसरी रीत दिलीत. तिच्याबद्दल मनापासून आभार.

सुरुवात वाचनापासून. कुणालाही वचन लागू करण्याआधी तो अख्खा अध्याय वाचायचा, आणि वचन बायबलमधल्या एखाद्या लहान पत्रातलं असेल तर ते पत्र पूर्ण वाचायचं. गलतीकरांस पत्राचे सहाच अध्याय. मोठ्याने वाचले तरी अर्ध्या तासात होतात. मग विचारायचं: हे कुणाला लिहिलं, कुठल्या अडचणीमुळे लिहिलं, मागेपुढे काय आहे? एवढं न केल्यामुळे मत्तय ७:१ मधलं ‘दोष काढू नका’ हे वचन समोरच्याला गप्प करायला वापरलं जातं. पाचव्या वचनापर्यंत गेलं की कळतं, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायचं, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. कुसळ तसंच राहू द्या, असं प्रभूने म्हटलेलं नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मत्तय १८:१५–१७, म्हणजे चुकलेल्या भावाला समज कशी द्यायची, हे पायरीपायरीने शिकवणं. पहिली पायरी एकट्याने, एकट्याशी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वचन टाकलं की ही पायरी कायमची गेली: माणूस चारचौघांत पडला की चुकीचा विचार करत नाही, अब्रू सांभाळतो, बाकीचे बाजू घेतात आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. म्हणून समोर बसायचं, आणि आधी ‘मी असं ऐकलं, खरं काय झालं?’ एवढंच विचारायचं. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, असं नीतिसूत्रे १८:१३ स्पष्ट सांगतं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, कारण ऐकलेलंच अर्धवट असतं.

दुसऱ्या पायरीला एकदोघांना सोबत न्यायचं, तिथे बहुतेकांची चूक होते: आपल्याच बाजूचे दोघे नेले जातात. अनुवाद १९:१५ मधले साक्षीदार खरंखोटं पक्कं व्हावं म्हणून असतात, दबाव वाढवायला नव्हे. त्यातला एक तरी ज्याला समज द्यायची त्याच्या विश्वासातला हवा, हा तुमचा नियम आम्ही मोडत नाही. आणि मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चसमोर, उघडपणे केलेल्या चुकीला उघडच उत्तर द्यावं लागतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला त्याच्या चुकीबद्दल सगळ्यांसमोरच अडवलं.

कुठला मुद्दा किती ताणायचा, हे ओळखणं त्याहून अवघड. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. १ करिंथ १५ मधल्या या गोष्टींत तडजोड नाही. रोमकरांस १४ मध्ये मात्र पौल खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून एकमेकांना तुच्छ लेखू नका म्हणतो. बाप्तिस्म्याच्या वादात तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं उदाहरण द्यायचात: १९७० मध्ये सहा मंडळ्या एक झाल्या, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्हींना जागा ठेवली गेली.

शेजाऱ्यांशी वागण्याचा धडा तर नाशिकमध्ये रोजच लागतो. सत्यनारायणाचं आमंत्रण आलं की आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगायचं: ‘आम्ही नक्की येऊ, कामाला हात लावू, प्रसाद मात्र आमच्या श्रद्धेमुळे घेत नाही, राग मानू नका.’ प्रसादाचा हात पुढे आल्यावर नकार दिला तर पाहुण्यांसमोर यजमानांची मान खाली जाते. आदल्या दिवशी सांगितलं तर तेच आपली अडचण सांभाळून घेतात. त्यांच्या देवाबद्दल वेडावाकडा शब्द नाही. इफिसात पौलाच्या सोबत्यांना जमावाने धरलं, तेव्हा यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही, अशी साक्ष शहराच्या अधिकाऱ्यानेच दिली (प्रेषितांची कृत्ये १९:३७). आपल्याबद्दल शेजाऱ्यांना असंच म्हणता आलं पाहिजे, हा तुमचा आग्रह.

आणि कुणाच्या बाप्तिस्म्याची घाई नाही. जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांकडे तुम्ही बोट दाखवायचात. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. त्या स्वतःच्या विचाराने आल्या.

‘प्रेमाने सत्य बोला’ हे ज्या इफिसकरांस लिहिलं, त्याच मंडळीला प्रकटीकरण २ मध्ये पुन्हा पत्र येतं. खोटे प्रेषित पारखल्याबद्दल शाबासकी, आणि लगेच: तू आपली पहिली प्रीती सोडलीस. शिकवण अचूक ठेवूनही मंडळीची समई हलवली जाऊ शकते, हे त्या पानावर बोट ठेवून तुम्ही दाखवलंत. आमच्यातल्या कडक बोलणाऱ्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज होती.

गटात आता तरुण मुलं-मुली येऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी मत्तय १८ पुन्हा घेणार आहोत. गुडघे साथ देत असतील तर त्या बैठकीला या. घ्यायला आम्ही येऊ.

आपली,
अभ्यासगटातील सर्व मंडळी
शरणपूर, नाशिक