परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र: आमची पिकअप बेकायदा, मग आमची वाट कोणत्या कायद्यात बसते?

मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे बाहेरचे लोक ज्याला धडगाव म्हणून ओळखतात त्या भागात, पिकअप चालवतो. बोलेरो कॅम्पर, फोर व्हील ड्राइव्ह, पिवळी पाटी. मालकही मीच, ड्रायव्हरही मीच. कर्जावर घेतलेली गाडी आहे, महिन्याला 13,800 रुपये हप्ता जातो. आपला वेळ मोलाचा आहे म्हणून पत्र एका पानात आटपायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आमचूर घेऊन खाली उतरत होतो. हौद्यात 14 गोण्या होत्या. सपाटीला लागल्यावर तुमच्याच खात्याच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने, अडवलं. अधिकारी माझ्याशी उद्धट बोलले नाहीत, हे आधी सांगतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि चार गोष्टी लिहून घेतल्या: टायर, पाटे (स्प्रिंगची पानं), छपरापर्यंत वर नेलेली हवेची नळी आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र, बसवलेला पुढचा लोखंडी बंपर. चार बदल, प्रत्येकी 5,000, एकूण 20,000. गाडी जप्त. आणि अट अशी की कंपनीतून निघाली तशी करून दाखवा, मगच सुटेल.

मी कायदा वाचला आहे, साहेब. गाडी आवारात उभी असताना रात्री मोबाइलवर तोच वाचत बसायचो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने जी गाडी ठरवून दिली आणि नोंदणी पुस्तकात जी लिहिली, तिच्यापेक्षा वेगळी करायची नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182-अ आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला 5,000 दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मी गुन्हेगार आहे, यात वाद नाही. मी हा गुन्हा का केला, एवढंच मला सांगायचं आहे, कारण आजवर ते कोणी विचारलेलं नाही.

आमच्या पाड्यापासून डांबरी सडक 11 किलोमीटर आहे. मधे तीन नाले. त्यातला मधला उदई नदीकडे जातो, आणि डोंगरात पाऊस झाला की अर्ध्या तासात बोनेटला लागतो. कंपनीची गाडी इंजिनासाठी हवा ओढते ती बोनेटच्या आतून. ते तोंड पाण्याखाली गेलं की हवेबरोबर पाणी आत जातं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी नाल्याच्या मधोमध बंद पडते. 2022 च्या ऑगस्टमध्ये माझी तशीच बंद पडली. मागच्या सीटवर तापाने फणफणलेला पोरगा होता, त्याला त्याच्या बापाने खांद्यावर घेऊन पाण्यातून काढला. इंजिनाच्या कामाला माझे 62,000 गेले. त्यानंतर मी ती नळी छपरापर्यंत नेली. खर्च 6,500 रुपये.

नुसती नळी वर नेऊन भागत नाही. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, असतं. चढावर तापलेलं डिफरन्शियल एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या सर्व्हिसला बोल्ट काढला की तेल दुधासारखं पांढरं गळतं. ज्याने ते एकदा पाहिलं, तो दुसऱ्या दिवशी ब्रीदरला लांब पाइप जोडून वर बांधतो. इंजिनाच्या चेंबरखाली जाड पत्रा मारला, कारण या वाटेवरच्या दगडाने माझं चेंबर दोनदा फोडलं आहे. पाट्यात एक पान वाढवून गाडी दीड इंच उचलली. टायर खोल नक्षीचे घातले, कारण साध्या टायरच्या खाचा लाल चिखलाने भरल्या की चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. चिखलाच्या चढावर मी टायरमधली हवा निम्म्यावर आणतो आणि डांबरावर आलो की पायपंपाने परत भरतो. टायर 47,500, पाटे 14,000, विंच आणि बंपर मिळून 38,000, पत्रा 4,000. नळी धरून सगळे 1,10,000. ही हौस नाही, साहेब. हौस करण्याइतके पैसे माझ्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेले नाहीत.

शहरातली पोरं गाडी उचलून, रुंद टायर आणि डोळे दिपवणारे दिवे लावून फिरतात, हे मी पाहिलं आहे. गाडी फार उचलली की वळणावर कलंडते, ब्रेकचा रबरी पाइप ताणून फुटतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे सगळं मला माहीत आहे, म्हणूनच मी दीड इंचावर थांबलो, ब्रेकचे पाइप लांब घातले आणि दिवे खाली बसवून घेतले. बंपरबाबतचं म्हणणंही मला मान्य आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना लिहिलं होतं की असल्या लोखंडी गार्डमुळे पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते. खरं आहे. मला कोणी तपासून सांगितलं असतं की विंच ठेव, पण बंपरच्या कडा गोल कर, तर मी त्याच दिवशी केल्या असत्या. तपासायलाच कोणी नाही. कागदावर दोनच रकाने आहेत: कंपनीची गाडी किंवा बेकायदा गाडी.

आणि त्यामुळे काय होतं ते उघड लिहितो, मग माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीच्या, दिवशी आमच्याकडचा जवळपास प्रत्येक पिकअपवाला जुने टायर चढवतो, नळी उतरवतो, गाडी दाखवून आणतो आणि घरी येऊन परत सगळं बसवतो. मीही मागच्या पासिंगला तेच केलं. मला त्याची लाज वाटली आणि अजून वाटते. इन्स्पेक्टरला दाखवलेली गाडी वेगळी आणि माणसं बसवून नाल्यात घातलेली गाडी वेगळी. जी खरोखर चालते तिचे ब्रेक कोणी पाहिलेच नाहीत. उद्या ती उलटली तर विमा कंपनी बदलाकडे बोट दाखवून हात वर करील. कायदा सुरक्षेसाठी आहे म्हणता, मग या खोट्याने सुरक्षित कोण झालं?

आता गाडी जप्त होती त्या 19 दिवसांबद्दल.

आमचूर म्हणजे काय, हे मुंबईत भाजीच्या मसाल्यापुरतं माहीत असेल. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात बायका कैऱ्या उतरवतात, सोलतात, विळ्याने फोडी करतात आणि खडकावर पसरून वाळवतात. बोटं आंबटाने सोलवटून निघतात, जखमांत मीठ-हळद भरून त्या परत कामाला बसतात. फोड पांढरी राहिली तर भाव. एकदा ओल लागली की काळी पडते, आणि काळ्याला निम्माही भाव येत नाही. माझ्या गाडीत पाच घरांचा माल होता. जप्तीच्या चौथ्या दिवशी पहिला पाऊस झाला. ताडपत्री एका कोपऱ्याला फाटलेली होती. मी माल उतरवून द्या म्हणून तीन वेळा आवारात गेलो. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी सांगितलं अर्ज लिहून आणा. अर्ज मंजूर होऊन मी फाळका खाली पाडला तेव्हा वरच्या थरातल्या नऊ गोण्या काळ्या पडल्या होत्या. गोणीत हात घातला तर कोपरापर्यंत ओल लागली. पाच घरांत जाऊन ते सांगायला मलाच जावं लागलं. एका म्हातारीने मला काहीच म्हटलं नाही, फक्त गोणीचं तोंड परत बांधून ठेवलं. 20,000 चा दंड मी भावाकडून उसने घेऊन भरला. त्या म्हातारीची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची, तेवढं मला कळवा.

मूळचे टायर मी केव्हाच विकले होते. एका गॅरेजवाल्याकडून जुने घातले, जादा पान काढलं, नळी काढली, बंपर आणि विंच काढले. गाडी कायदेशीर झाली आणि सुटली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या वहिनीला पहाटे तीनला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन लागला. ती गाडी डांबरी सडकेपर्यंतच येते, तिच्या ड्रायव्हरचा त्यात दोष नाही. गेल्या पावसाळ्यात तीच गाडी चिखलात रुतली तेव्हा मी याच विंचने ती बाहेर ओढली होती. मी कॅम्पर काढली. पहिला नाला पार झाला. दुसऱ्यावर उतरलो, पाणी हेडलाइटला लागलं आणि मी रिव्हर्स टाकला. नळी असती तर गेलो असतो. याच नाल्यातून याहून जास्त पाण्यात मी आठ-दहा वेळा गेलो आहे. त्या रात्री गेलो नाही, कारण पुन्हा मधोमध बंद पडली असती तर तिला खांद्यावर घेऊन पाण्यातून निघता आलं नसतं. मग बांबूला चादर बांधून झोळी केली. चार माणसं, उंच वळसा, शेवाळलेले दगड. वहिनी वाटेतच बाळंत झाली, हौद्यावरची तीच फाटकी ताडपत्री वर धरून. बाळ आणि बाळंतीण दोघंही वाचली. माझ्या आईने नाळ कापली, तिला ते येतं म्हणून.

साहेब, 2021 च्या सप्टेंबरमध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालणाऱ्या नवऱ्याची बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली. ती बाई वाचली नाही. चार दिवस सगळे हळहळले. आमच्याकडे झोळी ही बातमी नाही, ती दर पावसाळ्यात निघते.

आमच्या वाटेचंही भूमिपूजन झालं आहे. गेल्या वर्षी दिवाळीआधी एका लोकप्रतिनिधींनी येऊन नारळ फोडला आणि पुढच्या पावसाळ्याआधी डांबर पडेल असा शब्द दिला. फलक उभा आहे. पावसाळा आला. फलकापुढे खडीचा एक ढीग होता, त्यातून आता गवत आलं आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, आमचा जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. माझं वय 38. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातली 33 आदिवासी गावं बुडितात गेली. नर्मदाकाठचे पाडे कागदावर जमिनीवर आहेत, पण पावसाळ्यात त्यांना बोटीनेच यावं लागतं. गुजरातला पाणी पोहोचवायचं होतं तर त्यासाठी केवढा कालवा खणला गेला. आम्हाला 11 किलोमीटरचा रस्ता हवा आहे आणि तीन नाल्यांवर मोऱ्या. मोऱ्यासुद्धा उंच नकोत, पाणी वरून गेलं तरी चालेल, फक्त खाली सिमेंट पाहिजे म्हणजे चाक रुतणार नाही.

रस्ता देणं तुमच्या खात्याचं काम नाही, हे मला कोणीतरी सांगेलच. रस्ता बांधकामकडे, दवाखाना आरोग्याकडे, पाडा आदिवासी विकासकडे, बुडीत जलसंपदाकडे. दंड मात्र एकाच खिडकीवर भरायचा, आणि ती खिडकी वेळेवर उघडी असते.

गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा भरते. विंच लावलेल्या, उचललेल्या, छपरापर्यंत नळ्या नेलेल्या गाड्या चिखलातून जातात. मी ते व्हिडिओ पाहून बऱ्याच गोष्टी शिकलो, त्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्यांना हे कौशल्य वर्षातून एक आठवडा लागतं. आम्हाला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज लागतं.

माझं मागणं मोठं नाही. कलम 52 मध्येच लिहिलं आहे की एखाद्या विशिष्ट कारणासाठी वेगळ्या बदलाला केंद्र सरकार सूट देऊ शकतं. अपंग माणसाला गाडीत त्याच्या गरजेचे बदल करून नंतर मंजुरी घेण्याची सोय 2019 च्या दुरुस्तीने दिली, ते चांगलंच झालं. मग आमची वाट हे विशिष्ट कारण का होऊ शकत नाही? राज्याने केंद्राकडे शिफारस पाठवावी. किती इंच उचलायचं, टायर किती मोठा चालेल, विंच कसा बसवायचा, याची मापं पुण्याच्या एआरएआयकडून ठरवून घ्यावीत. 1966 पासून ती संस्था गाड्याच तपासते आहे. मग आमच्या गाड्या जशा चालतात तशाच तपासा, डिफरन्शियलचा बोल्ट काढून तेलाचा रंगसुद्धा बघा. जी नापास होईल ती खुशाल जप्त करा, माझी असली तरी. आणि गाडी जप्त करताना हौद्यात नासणारा माल असेल तर तो त्याच दिवशी मालकाच्या ताब्यात द्यायचा, एवढा आदेश तर तुमच्या सहीनेच निघू शकतो. त्याला दिल्लीला विचारावं लागत नाही.

उत्तर आलं तर पोस्टाने पाठवू नका, पावसाळ्यात ते वेळेवर पोहोचत नाही. फोन केलात तर संध्याकाळी सातनंतर करा, टेकडीवर चढून गेलं की रेंज येते, तेव्हा मी तिथे असतो. काढलेले टायर, नळी आणि पाट्याचं ते एक पान पडवीत ठेवलं आहे. घ्यायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी अजून विकलेलं नाही.

आपला,
अक्राणी तालुक्यातला एक पिकअपवाला